पोर्ट फॉरवर्ड केला, तरी बाहेरून रेकॉर्डर का लागत नाही?

तुमची अडचण अशी: कॅमेऱ्याचा रेकॉर्डर घरच्या वायफायवर नीट दिसतो, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम टाकलाय, पण बाहेरून उघडायला गेलं की नुसतं चाक फिरत राहतं. मग नॅटमध्ये (घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच आयपीने दाखवणाऱ्या राऊटरच्या व्यवस्थेत) काय चुकलंय?

नियम पुसून पुन्हा टाकत बसू नका. आधी दोन आयपी ताडून बघा. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून जो आकडा आहे तो एक, आणि घरच्याच नेटवरून 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर दिसतो तो दुसरा. दोन्ही एकच असतील तर थेट खालच्या 'आता नियम' पासून वाचा. वेगळे असतील तर तुमच्या राऊटरच्या बाहेर अजून एक नॅट बसलंय आणि तुमच्या नियमापर्यंत पॅकेट पोचतच नाही.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर ते कंपनीकडचं नॅट, म्हणजे सीजी-नॅट. एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे राऊटरमध्ये काहीही केलंत तरी उपयोग नाही. कंपनीकडून पब्लिक आयपी मागून घ्या, नाहीतर आतून बाहेर जोडणी करणारं टेलस्केलसारखं काहीतरी (खाजगी जोडणी देणारी व्हीपीएन सेवा) वापरा. वॅन आयपी १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा कंपनीने दिलेला मोडेमच राऊटरगिरी करत असतो. (काही कंपन्या सीजी-नॅटलाही १० चाच पट्टा वापरतात, म्हणून मोडेमच्या पानावरचा वॅन आयपीही बघा.) त्या मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राऊटरगिरी सोडून जोडणी नुसती पुढे देईल. पण त्याआधी पीपीपीओईचं (कंपनीच्या नेट-लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड हाताशी ठेवा, कारण आता ते तुमच्या राऊटरमध्ये भरावं लागेल. ब्रिज मोड मिळत नसेल तर मोडेमच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून आलेलं सगळं एकाच पत्त्याकडे पाठवणाऱ्या सेटिंगमध्ये) तुमच्या राऊटरचा वॅन आयपी टाका. दोन्ही डब्यांचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) पट्टा मात्र एकच नको. मोडेम १९२.१६८.१ वर असेल तर राऊटरला १९२.१६८.५० द्या.

आता नियम. राऊटर नॅटचं काम एका तक्त्यावर चालवतो. आतून फोनने बाहेर काही मागितलं की '१९२.१६८.५०.२३ चा पोर्ट ५१५१४, बाहेर दाखवला ४००१२' अशी नोंद होते आणि उत्तर आलं की त्या नोंदीवरून परत पोचतं. बाहेरून आपण होऊन आलेल्या पॅकेटची अशी नोंद नसते, म्हणून ते टाकून दिलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या तक्त्यात कायमची लिहून ठेवलेली ओळ. ती ज्या आयपीकडे बोट दाखवते तो आयपी उद्या बदलला तर सगळं मुसळ केरात. म्हणून आधी डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये (एखाद्या यंत्राला कायम तोच आयपी देणाऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये) रेकॉर्डरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) देऊन १९२.१६८.५०.२० पक्का करा आणि रेकॉर्डर रीस्टार्ट करा.

मग पोर्ट फॉरवर्डिंग (काही राऊटरवर 'व्हर्च्युअल सर्व्हर') मध्ये एवढंच भरा: बाहेरचा पोर्ट ४८५५४, आतला आयपी १९२.१६८.५०.२०, आतला पोर्ट ५५४, प्रोटोकॉल टीसीपी. ५५४ हा आरटीएसपीचा (व्हिडिओ पाठवण्याच्या प्रोटोकॉलचा) नेहमीचा पोर्ट, तुमच्या रेकॉर्डरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वेगळा असेल तर तो घाला. 'सोर्स पोर्ट' असा रकाना दिसला तर रिकामा सोडा. तिथे आकडा टाकला की नियम जवळजवळ कधीच लागू होत नाही, कारण समोरच्याचा पोर्ट दर वेळी वेगळा असतो. बाहेरचा पोर्ट ८०, ४४३ किंवा ८०८० ठेवू नका. राऊटरचं स्वतःचं रिमोट पान त्यावर असू शकतं आणि काही कंपन्या यातले पोर्ट अडवतातही.

तपासताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा. घरातूनच पब्लिक आयपी टाकून बघितलात तर नॅट लूपबॅक (आतूनच स्वतःच्या पब्लिक आयपीवर जाण्याची सोय) नसलेल्या राऊटरवर बरोबर नियमही चुकीचा वाटतो. यात बराच वेळ वाया जातो.

बाहेरून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं लगेच आलं तर ती बरी बातमी: पॅकेट कोणापर्यंत तरी पोचलं, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. आतला पोर्ट तपासा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला तर पॅकेट वाटेत गळतंय किंवा उत्तर परत येत नाहीये. रेकॉर्डरला हाताने आयपी दिलेला असेल तर त्यातला गेटवेचा (बाहेर जायची वाट असलेल्या राऊटरच्या पत्त्याचा) रकाना बघा. तो रिकामा किंवा जुन्या राऊटरचा असला की नेमकं हेच होतं: घरात चित्र झकास, कारण लॅनमध्ये गेटवे लागत नाही, पण बाहेरच्याला उत्तर द्यायचं तर पाठवायचं कुठून हे त्याला माहीत नसतं.

आयपी अधूनमधून बदलत असेल तर राऊटरमध्येच डायनॅमिक डीएनएस लावा, म्हणजे आकड्याऐवजी नाव वापरता येतं.

एक मात्र सांगतो: हे सगळं जमलं तरी रेकॉर्डरचा पोर्ट मी थेट नेटवर उघडा ठेवणार नाही. वर्षानुवर्षं अपडेट न झालेलं फर्मवेअर आणि कारखान्याचा पासवर्ड शोधत फिरणारे बॉट चोवीस तास चालू असतात, आणि पोर्ट ४८५५४ केला म्हणून ते चुकत नाहीत. त्यापेक्षा राऊटरवर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) असेल तर तेच चालू करा. त्याला नेहमीचा यूडीपी ५१८२० पुरतो. राऊटरवरच चालत असेल तर फॉरवर्डचीही गरज नाही, आतल्या एखाद्या मशीनवर असेल तर फक्त तेवढा एक नियम टाका. पोर्ट तपासणाऱ्या बऱ्याच साइट फक्त टीसीपी बघतात, त्यामुळे तिथे 'बंद' दिसलं तरी घाबरू नका, वायरगार्डचा हँडशेक (दोन्ही टोकांची सुरुवातीची ओळखपटवणी) झाला की नाही ते बघा. जोडणी झाली की फोनवर रेकॉर्डर १९२.१६८.५०.२० याच पत्त्यावर उघडतो. मग आधीचा टीसीपी नियम काढून टाका आणि यूपीएनपीची (यंत्रांनी स्वतःहून पोर्ट उघडण्याच्या सोयीची) यादीही उघडून बघा. बरेच रेकॉर्डर तुम्हाला न विचारता तिथून स्वतःच पोर्ट उघडून बसलेले असतात.