पहिल्या शो जंपिंगला उतरताना

शो जंपिंगला, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेला नाव दिलंस, फार बरं केलंस! घोडबंदर रोडचा भरवसा नाही, ठाण्याहून पहाटेच निघ. पोहोचल्यावर आधी सईसाला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) विचार, घोड्यानं रात्री नीट खाल्लंय का.

– कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, पायी बघायला देतात, तेव्हा गप्पा नकोत. अडथळ्यांचे क्रमांक पाठ कर आणि घोडा ज्या रेषेनं वळणार, त्याच रेषेनं चाल. नवखे उडीपेक्षा वळणावरच जास्त चुकतात.
– सुरुवातीची घंटा वाजण्याआधी पहिला अडथळा ओलांडलास तर थेट बाद.
– सरावात उड्या मोजक्याच. आपल्या दमट हवेत घोडा लवकर थकतो.

अडथळ्याची दांडी पडली तर 4 दंडगुण. मागे बघू नकोस, नजर पुढच्या अडथळ्यावर ठेव. वेळेचं गणित पुढच्या शोला बघू.