'मोझी' म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा: "बुडापेस्टमध्ये जिकडेतिकडे थिएटरांवर 'मोझी' लिहिलेलं दिसलं. हे कुठल्या कंपनीचं नाव की हंगेरियन शब्द?"

शब्दच आहे, आणि अस्सल हंगेरियन: 'मोझी' म्हणजे सिनेमा. गंमत म्हणजे त्याचा जन्मदाताही माहीत आहे. असं भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतं.

फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ला दाखवली गेली, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. बुडापेस्टच्या रॉयल हॉटेलात ती त्याच वर्षी १० मेला पोचली होती. पुढे ती कॉफीहाउसांत शिरली. कॉफी पिता पिता पडद्यावर चित्र बघायचं, असा थाट. उंगरलायडर मोर (तिकडे आडनाव आधी!) यांनी आपल्या कॉफीहाउसात हे खेळ लावले आणि १९०८मध्ये 'प्रोयेक्टोग्राफ' ही चित्रपट कंपनी काढली.

वस्तू परकी आली, पण नाव घरचं हवं होतं. हंगेरियनमध्ये 'मोझोग' म्हणजे हलणे, 'मोझ्गो' म्हणजे हलणारं, 'फेञ' म्हणजे उजेड आणि 'केप' म्हणजे चित्र. फोटोला ते 'उजेडचित्र' म्हणतात, आपण 'छायाचित्र'. एकाच वस्तूत त्यांना ऊन दिसलं, आपल्याला सावली! तर हलणारं उजेडचित्र म्हणजे 'मोझ्गोफेञकेप'. शास्त्रशुद्ध, पण तोंडभर.

१९०७मध्ये लेखक हेल्ताई येनो यांनी कॅबरेसाठी लिहिलेल्या एका गाण्यात 'मोझी' हे रूप आलं आणि ते लोकांनी उचललं. (कॅबरे, म्हणजे गाणी-नकलांचा हलकाफुलका कार्यक्रम, हीही तेव्हा फ्रान्सहून नुकतीच आलेली चीज.) नेमकं काय केलं त्यांनी? शेपूट छाटलं आणि 'इ' जोडला. हा 'इ' म्हणजे हंगेरियन घरातला लाडाचा प्रत्यय: फेरेंत्सचा फेरी, योझेफचा योझी, कातालिनची काती. सिनेमाला घरातल्या पोरासारखं टोपणनाव मिळालं, म्हणून तो शब्द टिकला असं मला वाटतं. आसपासचे जर्मन, पोलिश, चेक सगळे सिनेमासाठी 'किनो'वरच भागवतात.

फुटबॉलचंही असंच झालं. इंग्लंडहून आलेल्या या खेळाला 'लब्दारूगाश', म्हणजे 'चेंडूला लाथ मारणं', हा भारदस्त प्रतिशब्द मिळाला. तो छापील मजकुरात राहिला. मैदानावरची पोरं मात्र 'फोत्सी' म्हणतात. तोच 'इ'.

वापराबद्दल एक खबरदारी. आपण 'सिनेमाला जाऊ' म्हणतो आणि 'कालचा सिनेमा छान होता' असंही म्हणतो. 'मोझी' मुख्यतः पहिल्या अर्थी, म्हणजे थिएटर किंवा एकूण हे माध्यम. पाहिलेल्या चित्रपटाला ते सरळ 'फिल्म' म्हणतात. आणि सिनेमाला जायचं तर 'मोझिबा', म्हणजे शब्दशः 'मोझीत'.