‘चिकट प्रतिजैविक हायड्रोजेल जखम सुकवते’: हे वाक्य चालेल का?

जखमेवर लावायच्या, सध्या प्रयोगशाळांत घडत असलेल्या जेलबद्दल लिहिताना हे वाक्य वापरावं का, असा प्रश्न आहे. ‘हायड्रोजेल’, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं जेल, हा शब्द तसाच राहू द्या. ‘जलजेल’ केल्याने कोणाचंच भलं होत नाही. ‘चिकट’, ‘प्रतिजैविक’ आणि ‘सुकवते’ हे तीन शब्द मात्र अडचणीचे आहेत.

‘चिकट’ म्हटलं की हाताला लागणारं, नकोसं काहीतरी डोळ्यापुढे येतं. मधही चिकटच असतो, पण ओल्या कातडीवर टिकत नाही. इथे खरी मेख ओलाव्याचीच आहे. जखमेतून लस पाझरते, पाण्याचा पातळ थर मध्ये येतो आणि साध्या चिकटपट्टीचं काही चालत नाही. शिंपल्यांच्या काही जाती लाटांच्या माऱ्यातही खडक सोडत नाहीत. त्यांच्या प्रथिनांतल्या डोपा या घटकाचं रसायन उसनं घेऊन अशी बरीच जेलं बनवतात. शिवाय कोपरासारख्या वाकणाऱ्या जागी जेल स्वतः फाटूनही चालत नाही. म्हणजे चिकटणारं हवं आणि चिवटही. मी ‘जखमेला धरून राहणारं’ असं लिहीन. शास्त्रीय लेखात ‘आसंजक’ खपेल.

‘प्रतिजैविक’ म्हणजे ॲन्टिबायॉटिक. तसं औषध जेलमध्ये घातलं असेल तरच तो शब्द वापरा. पुष्कळदा तिथे चांदीचे आयन असतात, नाहीतर कायटोसान, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या कवचापासून बनवलेला पदार्थ. त्याचा धनभार जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला जखडून ते खिळखिळं करतो. जिवाणू मरत असतील तर ‘जिवाणुनाशक’, वाढ नुसती थांबत असेल तर ‘जिवाणुरोधक’.

आता ‘सुकवते’. बऱ्या झालेल्या जखमेला आपण ‘सुकली’ म्हणतो, बोलण्यात त्यात वावगं काहीच नाही. पण हायड्रोजेलमध्ये मुख्यतः पाणी असतं आणि जखम ओलसर राहावी हाच त्याचा एक मोठा उपयोग. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात, पॉलिथीनच्या पापुद्र्याने झाकलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. उघड्या जखमा खपली धरून मागे राहिल्या. तेव्हा ‘भरणे’ घ्या. तेही जपून: ‘जेल जखम भरतं’ म्हटलं तर खड्डा बुजवल्याचा अर्थ निघेल. ‘जेलमुळे जखम लवकर भरून येते’ असं लिहा. भरून येण्याचं काम शरीराचंच असतं.