लीफला टायमर लावूनही रात्री चार्जिंग का होत नाही?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की 40 किलोवॉट-अवरची सेकंडहँड निसान लीफ ही विजेवरची गाडी आहे, इंग्लंडमध्ये घरी 7 किलोवॉटचा चार्जर आहे, रात्रीचा स्वस्त दर 00:30 ते 05:30 आहे, आणि खात्री म्हणून गाडीत व चार्जरच्या ॲपमध्ये दोन्हीकडे तीच वेळ लावली आहे. तिथेच घोडं पेंड खातंय. घड्याळ एकच असावं. यावर मी कितीही वाद घालायला तयार आहे.

केबलमध्ये एक बारीक तार असते, कंट्रोल पायलट. नुसती गाडी जोडलेली असली की तिच्यावर 9 व्होल्ट असतात. चार्जर वीज द्यायला तयार झाला की तिथे 1 किलोहर्ट्झचा सिग्नल सुरू होतो, तो दिसल्यावर गाडी व्होल्टेज 6 वर आणते, आणि मगच चार्जरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा मोठा स्विच, खट्‌कन बसतो. आता 30 जून 2022 पासून इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरना कायद्यानेच उशीर ठेवावा लागतो: ठरलेल्या वेळेनंतर 10 मिनिटांपर्यंत, दर वेळी वेगळा. हजारो गाड्या एकाच सेकंदाला ग्रिडवर येऊ नयेत म्हणून. तुमची लीफ 00:30 ला जागी होते, सिग्नल सापडत नाही, पुन्हा झोपते. चार्जर 00:37 ला तयार होतो तेव्हा गाडी उठत नाही. ज्या रात्री हा उशीर नगण्य निघतो त्या रात्री सगळं सुरळीत होतं, म्हणून तुम्हाला ‘कधी होतं, कधी नाही’ असं वाटतंय.

तेव्हा वेळ चार्जरमध्ये ठेवा आणि गाडीतला टायमर 1 आणि टायमर 2, दोन्ही बंद करा. अनेकजण एकच बंद करतात आणि दुसऱ्यात जुन्या मालकाची वेळ तशीच राहते. केबल लावल्यावर डॅशबोर्डवरचे तीन निळे दिवे बघा. ते एकामागून एक पळत असतील तर गाडीचा टायमर अजून चालूच आहे. क्लायमेट टायमर वेगळा असतो, त्याला हात लावू नका. थंडीत निघण्याआधी केबिन तापवायला तो लागतोच.

80 टक्क्यांवर थांबवण्याचं म्हणाल, तर या मॉडेलमध्ये तशी मर्यादा नाही. गाडी 6.6 किलोवॉट घेते, म्हणजे एका टक्क्याला ढोबळमानाने 4 मिनिटं. 40 टक्के भरायचे तर चार्जरमध्ये पावणेतीन तासांची वेळ ठेवा, 00:30 ते 03:15. एवढं पुरे.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. ‘चार्जर कशाला, तीन पिनांच्या सॉकेटला आठ-दहा पौंडांचा टायमर प्लग लावा’ हा सल्ला आपल्या लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो आणि तो धोकादायक आहे. प्लगवर 13 अँपिअर लिहिलेलं असलं तरी ते किटलीसारख्या थोडा वेळ चालणाऱ्या उपकरणाला ठीक. गाडीसोबतची केबल 10 अँपिअर सलग पाच-सहा तास ओढते. टायमरमधले छोटे संपर्क तापतात, आणि तो चालू लोडवर वीज तोडतो तेव्हा प्रत्येक वेळी ठिणगी पडून ते आणखी जळतात. जळालेल्या संपर्काचा रोध वाढतो, तो अजून तापतो, प्लास्टिक पिवळं पडून मऊ होतं. प्लगच्या लाइव्ह पिनेजवळ तपकिरी डाग दिसला तर सॉकेटसुद्धा बदलायलाच हवं. शिवाय हिशेबही बसत नाही: 2.3 किलोवॉटने पाच तासांत साडेअकरा युनिट, त्यातली बॅटरीत पोचणार दहा. केबलच वापरायची असेल तर वेळ गाडीच्या टायमरमध्ये लावा. तो आधी बॅटरीकडे जाणारा प्रवाह शून्यावर आणतो, मग रिले, म्हणजे आतला स्विच, उघडतो.

राहिलेल्या दोन गोष्टी. वीज कंपनी स्वतःच वेळ ठरवते असा स्मार्ट दर घेतला असेल तर गाडीत आणि चार्जरमध्ये दोन्हीकडे काहीच लावू नका. आणि जुना इकॉनॉमी 7 मीटर (रात्रीचे सात तास स्वस्त दर देणारा) असेल तर त्याचं घड्याळ बहुधा उन्हाळ्यातही ग्रीनिच वेळेवरच चालतं, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत टायमर एक तास पुढे न्यावा लागतो. मीटरवरची वेळ एकदा टॉर्च मारून बघून घ्या.