लाल दऱ्यांतून दोघी बहिणी

प्रश्न : मेमध्ये मी आणि धाकटी बहीण लास व्हेगासहून गाडीने झायन, ब्राइस, अँटिलोप कॅन्यन पाहणार आहोत. काय सांभाळावं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, आधी घड्याळ. झायन आणि ब्राइस युटा राज्यात, अँटिलोप शेजारच्या ॲरिझोनात; उन्हाळ्यात युटा ॲरिझोनाच्या तासभर पुढे असतं. अँटिलोपला वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, म्हणून वेळ तिथल्या पेज या गावाच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या घड्याळाने धरा. ब्राइसला मुक्काम कराच. उंची २,४०० मीटरवर, पहाटे स्वेटर लागतो. आभाळ भरलं तर अरुंद घळीत उतरू नका. पाऊस लांब डोंगरात पडतो, लोंढा कोरड्या घळीत येतो. गोदेचा पूर पाहिलेल्यांना वेगळं काय सांगू! झायनच्या १९३०च्या बोगद्यापलीकडे खडकांचं रूपच पालटतं. तिथे आळीपाळीने गाडी चालवा, म्हणजे दोघींनाही बघता येईल. भाडेकरारात दोघींची नावं हवीत.