यूट्यूबचा व्हिडिओ संदर्भयादीत टाकला तर गाईड काय म्हणतील?

मार्च लागला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांचं दुखणंच बदलतं. एरवी घरची भांडणं, ब्रेकअप, नोकरीचं टेन्शन वगैरे असतं, मार्चमध्ये मात्र सगळं डिझर्टेशन, म्हणजे एमएचा प्रबंध. झोप नाही, जेवण जात नाही, गाईडचा मेसेज दिसला की छातीत धडधड. आणि गेल्या काही वर्षांत त्यात एक प्रश्न हमखास येतो, मुलं तो अगदी हळू आवाजात विचारतात, "मॅडम, यूट्यूबवरनं घेतलेलं चालतं का हो?"

एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, एमए मराठी, विषय धालोगीतं, म्हणजे पौषात गावातल्या बायका नाचत म्हणतात ती लोकगीतं. घरातच धालोची परंपरा, पौषात मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या अंगणात, आजी गायची, त्यामुळे विषय तिने मनापासून घेतलेला. पण आजी आता थकली, आणि तिला विषय मिळाला तेव्हा पौष उलटून गेलेला, म्हणजे मांडावर जाऊन रेकॉर्डिंग करायचं तर पुढच्या वर्षी, तोपर्यंत डिग्री हातात यायला हवी. मग तिने काय केलं तर रात्र रात्र बसून यूट्यूबवरचे धालोचे व्हिडिओ बघितले, गाणी ऐकून वहीत उतरवली, आणि दुसरं प्रकरण त्यावरच उभं केलं. चांगलं केलं होतं हो, मी वाचलं ना. पण संदर्भयादीत एकही व्हिडिओ नाही! त्याच्या जागी एक पुस्तक, आणि ते पुस्तक तिने उघडूनसुद्धा बघितलेलं नव्हतं, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावरच्या कुणाच्या तरी पीएचडीच्या यादीतनं नाव उचललेलं. आता व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकाने पुस्तकाबद्दल विचारलं तर काय सांगू, या विचाराने तिची झोप उडालेली.

का केलंस असं, विचारलं तर म्हणाली बीएला असताना एका सरांनी वर्गात सगळ्यांसमोर सुनावलं होतं की यूट्यूब हा काही सोर्स नव्हे. बस्स, तेवढंच. ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

मला विचाराल तर सर अर्धे बरोबर होते. यूट्यूब हा सोर्स नाहीच, ती जागा आहे. लायब्ररी हा सोर्स असतो का? लायब्ररीतलं अमुक पुस्तक सोर्स असतं. यूट्यूबवर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमातली प्राध्यापकांची लेक्चरं पण आहेत आणि आजोळच्या जत्रेत कुणी हलत्या हाताने काढलेली क्लिप पण आहे, दोन्ही एकाच मापाने कशी मोजणार. मी तिला म्हटलं, "बाय, आधी रडणं थांबव, लॅपटॉप उघड, आणि एकेक व्हिडिओ दाखव, हा कोण बोलतोय आणि तू हा कशासाठी घेतलायस एवढंच सांग."

तिथे खरी मजा आली. निम्म्या व्हिडिओत कुणी काही समजावून सांगत नव्हतं, नुसता मांड, समोरासमोर दोन ओळींत बायका आणि त्यांचं गाणं. हे तर तिच्या अभ्यासाचं मूळ साहित्यच! ते लपवायचं कशाला, उलट तेच पुढे ठेवायचं. काही व्हिडिओंत कुणी तरी कॅमेऱ्यासमोर बसून धालो म्हणजे काय ते सांगतंय, तेही कुठून कळलं ते न सांगता. असल्यांवर मी फुली मारायला लावली, कारण तीच माहिती छापलेल्या पुस्तकांत जास्त नीट मिळते, आणि पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जायला काय होतंय, १८३२ पासूनची संस्था आहे, लोकसाहित्यावरचं बरंच मिळतं तिथे. ते न वाचलेलं पुस्तक पण तिथे शोधायला सांगितलं. मिळालं तर वाच आणि ठेव, नाही तर यादीतनं काढून टाक.

एक प्रकार राहिला होता, स्टेजवरचे धालो. महोत्सवात, माईकसमोर, सगळ्यांच्या सारख्या साड्या. ते तिने मांडावरच्या गाण्यांत मिसळून टाकले होते. मी म्हटलं, तूच सांग, आजी अशी गायची का? हसली. ते वेगळे ठेव आणि स्टेजवरचे आहेत हे स्पष्ट लिही, मग चालतील.

आता लिहायचं कसं. एपीए ही संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत, तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, तिच्यात यूट्यूब व्हिडिओसाठी चक्क वेगळा नमुना दिलाय, म्हणजे चालत नसतं तर दिला असता का? आधी ज्याने अपलोड केलं त्याचं किंवा चॅनेलचं नाव, मग कंसात अपलोडची तारीख, मग शीर्षक, त्यापुढे चौकोनी कंसात व्हिडिओ असा शब्द, मग यूट्यूब आणि लिंक. मजकुरात चॅनेल, वर्ष आणि पुस्तकाच्या पान नंबराच्या जागी मिनिट-सेकंद, १२:४० असं. एमएलए ही तशीच दुसरी पद्धत, तिची मांडणी वेगळी आहे, तिथे सुरुवात शीर्षकाने होते आणि अपलोड कुणी केलं ते नंतर येतं. तुमच्या डिपार्टमेंटला कुठली लागते ते आधी विचारा, दोन्हींची खिचडी नको.

इथे ती अडली, आणि बरोबर अडली. म्हणाली, "मॅडम, चॅनेलवाल्याने नुसता मोबाईल धरलाय, गाणं बायकांचं, मग लेखक तो कसा?" एपीएचं म्हणणं असं की संदर्भयादीतलं नाव हे वाचणाऱ्याला व्हिडिओ सापडावा म्हणून असतं, म्हणून अपलोड करणारा. श्रेय द्यायची जागा म्हणजे तुझा मजकूर. गाव कुठलं, मांड कुठला, गाणाऱ्यांची नावं डिस्क्रिप्शनमध्ये असतील तर ती, हे सगळं प्रकरणात लिही. मला स्वतःला हा नियम थोडा कोरडा वाटतो, पण त्याने मजकुरात लिहायला कुणी अडवलेलं नाही. तारखेचंही तसंच, जुनं रेकॉर्डिंग कुणी २०२० ला अपलोड केलं तर यादीत २०२० जातं, पण गाणं त्या वर्षी गायलं असं समजून त्यावर निष्कर्ष काढू नको.

मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एक क्लिप पण होती. ती वाचणाऱ्याला कुठेच सापडणार नाही ना, म्हणून एपीएप्रमाणे यादीत जात नाही, मजकुरातच वैयक्तिक संपर्क म्हणून मावशीचं नाव आणि तारीख येते. अर्थात मावशीला विचारून!

तिची सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती, उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची. एवढी गाणी जशीच्या तशी उतरवली, मग प्लेजरिझममध्ये नाही का येणार? हा प्रश्न मला इतकी मुलं विचारतात म्हणून जरा नीट सांगते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्या पुढे दंडाच्या पायऱ्या आहेत. पण श्रेय देऊन केलेली अवतरणं आणि संदर्भयादी हे त्या मोजणीतनं वगळायचं असतं, तसं नियमातच आहे. म्हणजे गाणं अवतरण म्हणून वेगळं दाखवलं आणि खाली व्हिडिओ दिला तर ते साम्यात धरायचं नाही. उलट व्हिडिओत कुणीतरी केलेलं विवेचन आपल्या शब्दांत फिरवून नाव न देता लिहिलं तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणारही नाही, पण चोरी तीच. म्हणजे ती घाबरत होती भलत्याच गोष्टीला.

आणि हो, व्हिडिओ कधीही गायब होतो, आज आहे उद्या प्रायव्हेट. म्हणून जेवढं गाणं वापरलं तेवढं स्वतः ऐकून लिहून परिशिष्टात टाकायला सांगितलं, मिनिटांसकट. आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनवर विसंबायचं नाही, धालोतल्या शब्दांचं ती काय वाट्टेल ते करते. अडलेले शब्द तिने आजीला व्हिडिओ लावून दाखवून विचारले, आणि म्हातारी म्हणे दोन ठिकाणी चिडली, "अशें न्हय गो तें," म्हणून स्वतः गाऊन दाखवलं. ते पण रेकॉर्ड केलं, तिचं स्वतःचं फील्डवर्क झालं ते.

गाईडकडे जायची हिंमत मात्र होत नव्हती. मी सोबत गेले नाही, ते माझं काम नव्हे. फक्त प्रश्न बदलून दिला. यूट्यूब चालेल का असं विचारलं की नाही हेच उत्तर येतं. त्याऐवजी, मांडावरच्या धालोची ही रेकॉर्डिंग मूळ साहित्य म्हणून घेतलीत, स्टेजवरची वेगळी ठेवलीत, माहितीचे व्हिडिओ काढून टाकलेत, हे बरोबर आहे का, असं यादी पुढे ठेवून विचार. पुस्तकाचं पण तिने स्वतःहून सांगितलं. गाईड रागावल्या, व्हायचंच होतं ते, पण पुस्तकावरून. व्हिडिओंच्या यादीवर त्यांनी एकच खूण केली, एका चॅनेलने दुसऱ्याचं रेकॉर्डिंग उचलून आपल्या नावावर टाकलंय, मूळ रेकॉर्डिंग शोधून काढ. ते शोधायला तिचे दोन दिवस गेले.