नात मज्जातंतूंची डॉक्टर होऊ म्हणते

प्रश्न : माझी नात इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हातापायांच्या मज्जातंतूंच्या विकारांत तज्ज्ञ होऊन महाविद्यालयात शिकवायचे, असे तिने ठरवले आहे. यात किती वर्षे जातील, आणि स्वतःचा दवाखाना सोडून शिकवण्यात आयुष्य घालवणे योग्य ठरेल का?
— एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबा, सादर नमस्कार. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, नंतर सामान्य वैद्यकशास्त्रातील ३ वर्षांची एमडी आणि त्यापुढे न्यूरोलॉजीची, म्हणजे मज्जासंस्थेच्या विकारांच्या शास्त्राची, ३ वर्षांची डीएम ही एमडीनंतरची पदवी, असा हा क्रम आहे. म्हणजे एकही प्रवेशपरीक्षा हुकली नाही, तरी नातीची साधारण नऊ वर्षे अजून जायची आहेत. सहायक प्राध्यापकपद त्यानंतरचे, आणि वरच्या पदांसाठी शोधनिबंधही लागतात.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम ‘होय’ असे आहे. मी याच विषयाचा अध्यापक होतो. पायांना मुंग्या येतात म्हणून आलेल्या माणसाला मधुमेह असेल, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल किंवा कुष्ठरोगही असू शकेल. जगातील निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात आढळतात, आणि कोपरामागची जाड झालेली नस (मज्जातंतू) बोटांनी चाचपून ओळखणे हे कौशल्य रुग्णाजवळ उभे राहून शिकवावे लागते. त्यानंतर यंत्राची पाळी येते. विजेचा सौम्य झटका देऊन संदेशाचा वेग मोजतात. हाताच्या निरोगी मज्जातंतूत तो सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा अधिक असतो. वेग फार मंदावला असेल तर तंतूवरचे आवरण बिघडलेले असते, आणि वेग बरा असूनही यंत्राच्या आलेखावर संदेशाची उंची घटली असेल तर बहुधा तंतूच झिजलेला असतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आवरणाच्या काही आजारांत, ते वेळीच ओळखले तर, चालणे बंद झालेला माणूस औषधांनी पुन्हा चालू लागतो.

अशा निदानासाठी प्रयोगशाळा, नसेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ आणि रुग्णाला वर्षानुवर्षे पाहणारा विभाग लागतो. हे सारे एकट्याच्या दवाखान्यात सहसा जमत नाही. तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, म्हणून कोपराजवळच्या इजेनंतर बोटांत बळ येण्याची वाट वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पाहावी लागते, आणि ती पाहताना टिपलेल्या नोंदींतूनच संशोधन उभे राहते. १९१६ साली गिलँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी फक्त दोन सैनिकांचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यांच्या पाठीच्या मणक्यांतून काढलेल्या द्रवात प्रथिने वाढली असूनही पेशी वाढल्या नाहीत, हे नोंदवले. गिलँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या निदानात ही खूण आजही पाहिली जाते.

पैशांबाबत बोलायचे, तर खासगी व्यवसायापेक्षा मिळकत सहसा कमी असते. खासगी व्यवसायाची मुभा आहे की नाही, हे प्रत्येक राज्याच्या व संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते.

नातीला सुटीत तिच्या वरिष्ठ अध्यापकांच्या परवानगीने मज्जातंतूंच्या तपासणीच्या खोलीत काही दिवस बसू द्यावे. आपल्याला मधुमेह असल्यास तिला १२८ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणायला सांगा आणि आपल्या पायाच्या अंगठ्यावर कंपने जाणवतात का, ते तिलाच तपासू द्या.